रिबिनीचा बो : गाठ, घडी आणि माप

रिबिनीच्या बोचे तीन भाग असतात : दोन पाकळ्या, त्यांच्या मध्यभागी आवळलेला बंध आणि खाली सुटलेली टोके. पाकळ्यांची संख्या वाढवली की भेटवस्तूच्या खोक्यावर बसणारा गोल, फुलासारखा बो होतो. पाकळ्या एकावर एक रचल्या की केसांच्या चिमट्यावरचा सपाट बो होतो. रिबीन अगदी अरुंद घेतली की झबल्याच्या गळ्याला शोभेल असा नखाएवढा बो तयार होतो. कापड किती ताठ आहे, गाठ कोणत्या दिशेने पडली आहे आणि मध्यभाग कशाने आवळला आहे, या तीन गोष्टी नीट समजल्या तर दुकानातला कोणताही बो पाहून तो घरी करता येतो.

कापडाची पट्टी आणि रिबीन

मोठ्या कापडातून कापलेली चिंधी आणि रिबीन यांत मुख्य फरक काठाचा आहे. रिबीन अरुंद मागावर विणली जाते. तिचा आडवा धागा प्रत्येक फेरीत काठाशी वळून परत येतो, त्यामुळे दोन्ही लांब कडा बंद राहतात आणि त्यांना शिलाई लागत नाही. स्वस्त रिबिनींचा प्रकार वेगळा. त्यात कृत्रिम धाग्याचे रुंद कापड तापलेल्या पात्याने पट्ट्यांमध्ये कापतात आणि वितळलेली कडाच काठाचे काम करते. अशी रिबीन खोक्यावर एकदा बांधायला पुरते. रोज केसांत वापरली तर मात्र तिच्या कडेचे धागे लवकर निघतात. विकत घेताना काठावरून नख हलकेच ओढून पाहिले तर दोन्हींतला फरक लगेच कळतो.

साटीनला चकाकी येते ती विणीमुळे. उभा धागा चार किंवा अधिक आडव्या धाग्यांवरून सलग जातो आणि मगच एकाखाली बुडतो. वर राहिलेल्या या लांब, सुट्या धाग्यांवरून प्रकाश एकसारखा परततो. खडबडीत बोट, अंगठी किंवा कात्रीचे टोक लागले की साटीनचा धागा ओढला जातो, त्याचेही कारण हेच. एकीकडे चकचकीत आणि दुसरीकडे मंद अशी साटीन स्वस्त पडते. दोन्हीकडून चकचकीत साटीन महाग असते, पण हाताने बांधायच्या बोसाठी तीच सोयीची, कारण पाकळी कशीही वळली तरी उलटी बाजू दिसत नाही.

ग्रोग्रेनमध्ये जाड आडव्या धाग्यांमुळे बारीक उभार दिसतात. ही रिबीन ताठ असते, घसरत नाही आणि घडी धरून ठेवते. ऑर्गंझा पारदर्शक आणि कुरकुरीत असते. तिच्या पाकळ्या फुललेल्या राहतात, पण गाठ सैल पडते. मखमलीची रिबीन जाड असल्याने तिची गाठ फुगीर होते, म्हणून तिला बांधण्यापेक्षा घडी घालून शिवणे चांगले. काही रिबिनींच्या काठांत केसासारखी बारीक तार घातलेली असते. अशी पाकळी बोटांनी हवी तशी वळवता येते आणि दबली तरी पुन्हा उभी करता येते. फूलवाल्यांकडची प्लास्टिकची चकचकीत रिबीन बहुधा पॉलीप्रॉपिलीनची असते. ती विणलेली नसून पातळ पापुद्र्याची असते आणि पाण्याने खराब होत नाही.

मागापासून दरबारापर्यंत

युरोपात सतराव्या शतकात एकाच वेळी अनेक पट्ट्या विणणारे माग आले. एका कामगाराच्या हातून अनेकांचे काम होऊ लागल्याने विणकरांनी विरोध केला. अनेक शहरांनी या मागांवर बंदी घातली आणि जर्मनीत १६८५ मध्ये बादशाही फर्मानाने त्यांचा वापर मना केला. बंदीने मागांचा प्रसार मात्र थांबला नाही. स्वित्झर्लंडमधले बाझेल, फ्रान्समधले सेंट-एटिएन आणि इंग्लंडमधले कॉव्हेंट्री ही शहरे पुढे रेशमी रिबिनींच्या धंद्यावर वाढली. कॉव्हेंट्रीचा धंदा १८६० च्या ब्रिटन-फ्रान्स व्यापार कराराने कोलमडला. फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि हजारो विणकर बेकार झाले. तिथल्या टॉमस स्टीव्हन्स यांनी त्याच मागांवर रेशमी चित्रे आणि पुस्तकखुणा विणून वेगळी बाजारपेठ शोधली.

फ्रेंच दरबारात रिबीन स्त्री-पुरुष दोघांच्याही पोशाखात असे. चौदाव्या लुईच्या काळात पुरुषांच्या तुमानींनाही रिबिनींचे झुबके लावत. फ्रांस्वा बूशे यांनी १७५६ मध्ये रंगवलेल्या मादाम द पाँपादूर यांच्या चित्रात झग्याच्या छातीवर बोंची उतरती रांग दिसते : वर मोठा बो, खाली क्रमाने लहान. हे चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेक संग्रहालयात आहे. मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत जाणारी ही मांडणी आजही लग्नाच्या खुर्च्यांवर आणि पडद्यांवर वापरली जाते.

रेशमाची जागा विसाव्या शतकात नायलॉन आणि पॉलिस्टरने घेतली. नायलॉनचा शोध १९३५ चा, तर पॉलिस्टरच्या धाग्याचा १९४१ चा. दोन्ही धागे उष्णतेने वितळतात, त्यामुळे कापलेले टोक ज्योतीने बंद करणे शक्य झाले. घरगुती बोच्या कामाला यातूनच मोठी सोय मिळाली.

बंद, वेण्या आणि भेटी

महाराष्ट्रात बांधून वापरायच्या कपड्यांची परंपरा रिबिनीच्या आधीची आहे. बाराबंदीचे बंद, गाठीची चोळी, बाळाचे झबले आणि कुंची यांना गुंडी-काजे नसत, कापडी बंद असत. झबल्याच्या बंदांना सुरगाठ मारतात, कारण टोक ओढताच ती सुटते आणि झोपलेल्या बाळाला न हलवता कपडा काढता येतो. बो म्हणजे मुळात हीच सुरगाठ, दोन्ही बाजूंनी मारलेली.

रिबीन घरोघर पोचली ती शाळेमुळे. दोन घट्ट वेण्या घालून, त्या वर दुमडून कानांमागे बांधायच्या आणि त्यांवर लाल, पांढरी किंवा निळी रिबीन फुलवायची, हा अनेक शाळांच्या गणवेशाचाच भाग होता. त्यामुळे कित्येक घरांत सकाळी आई, आजी किंवा मोठी बहीण धाकटीच्या वेण्यांवर रोज दोन बो बांधत असे.

आज घरगुती बोंची मागणी सणांभोवती फिरते. राखीपौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत राख्या, गौरी-गणपतीची मखरे, फराळाचे डबे, भाऊबिजेच्या भेटी आणि आकाशकंदील असा क्रम असतो. मग लग्नसराईत रुखवत येते. गोव्यात नाताळच्या झाडांवर आणि दारावरच्या चक्रांवर बो असतात, लग्नाच्या मोटारीही रिबिनींनी सजतात. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केट आणि भुलेश्वरचा परिसर, तर पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि तुळशीबाग येथे रिबिनींची रिळे मिळतात. लेस आणि अरुंद कापडाचा मोठा व्यवसाय सुरतेत आहे.

रुंदी आणि लांबीचा हिशेब

बो बिघडतो तो बहुतेक वेळा मापात. रुंद रिबिनीच्या लहान पाकळ्या केल्या की त्या चुरगळलेल्या दिसतात आणि अरुंद रिबिनीच्या मोठ्या पाकळ्या खाली लोळतात. साधारण नियम असा की एका पाकळीची लांबी रिबिनीच्या रुंदीच्या दुप्पट ते तिप्पट असावी. २५ मिलिमीटर म्हणजे एक इंची रिबिनीची पाकळी ५ ते ७.५ सेंटिमीटरपर्यंत चांगली उभी राहते. ताठ ग्रोग्रेन किंवा तारेची रिबीन असेल तर याहून मोठी पाकळीही चालते.

खोके बांधायला किती रिबीन लागेल, हे आधी काढता येते. खोके २० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि ८ उंच असेल, तर लांबीच्या दिशेने एका वेढ्याला ५६ आणि रुंदीच्या दिशेने ४६ सेंटिमीटर लागतात. दोन्ही मिळून १०२. बो आणि टोकांसाठी ६५ ते ७० सेंटिमीटर धरले की सुमारे १७० सेंटिमीटर होतात. पहिल्या खोक्याला लागलेली रिबीन मोजून ठेवली की बाकीच्या सगळ्या एकदम कापता येतात. वीस डबे बांधायचे असतील तर रिळे किती आणायची, तेही दुकानात जाण्यापूर्वीच कळते.

कापणे आणि टोक बंद करणे

रिबिनीसाठी वेगळी धारदार कात्री ठेवावी. कागद कापलेल्या कात्रीची धार बोथट होते आणि साटीन कापली जाण्याऐवजी दुमडते. सरळ आडव्या कापात शेवटचा आडवा धागा सहज सुटतो आणि त्याच्या मागोमाग पुढचे धागे येतात. तिरका काप जास्त काळ टिकतो. माशाच्या शेपटीसारखे टोक हवे असेल तर रिबीन लांबीत मधोमध दुमडून, घडीच्या बाजूने आत कात्री लावून बाहेरच्या काठाच्या टोकाकडे तिरके कापावे. दोन्ही टोके एकावर एक ठेवून एकदाच कापली तर सारखी येतात.

पॉलिस्टर आणि नायलॉनचे टोक मेणबत्तीच्या ज्योतीच्या खालच्या निळसर भागाजवळून झटकन फिरवले की धागे वितळून एकमेकांना चिकटतात. ज्योतीच्या पिवळ्या भागात धरले तर काजळी बसते, आणि समईची वात याच कारणाने या कामाला निरुपयोगी असते. पेटती उदबत्ती काठावरून फिरवणे हा अधिक ताब्यातला उपाय आहे. सुती आणि रेशमी रिबीन वितळत नाही, जळते. तिच्या टोकाला रंगहीन नेलपॉलिश किंवा कापडाचा गोंद लावून वाळू द्यावे. धागा कशाचा आहे याची शंका असेल तर एक लहान तुकडा आधी जाळून पाहावा. टोकाला कडक गोळी झाली तर धागा कृत्रिम. नुसती राख उरली तर सुती किंवा लाकडाच्या लगद्यापासून केलेला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो.

हाताने बांधलेला बो

बांधलेला बो वाकडा बसतो तेव्हा दोष बहुतेकदा गाठीच्या दिशेत असतो. पहिली अर्धी गाठ मारताना डावे टोक उजव्यावरून गेले असेल, तर दुसऱ्या वेळी उजवी पाकळी डावीवरून जायला हवी. दोन्ही वेळा एकाच दिशेने गेले की गाठ पिळली जाते आणि बो आडवा न बसता उभा वळतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : योग्य बोच्या पाकळ्या बांधलेल्या रिबिनीच्या रेषेत पसरतात, चुकलेल्याच्या तिला काटकोनात जातात. अशा वेळी बो ओढून सरळ करण्यात अर्थ नसतो, सोडून पुन्हा बांधणेच सोपे.

या चुकीचा परिणाम फक्त दिसण्यापुरता नसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील यंत्र अभियंत्यांनी २०१७ मध्ये बुटाच्या नाड्या आपोआप कशा सुटतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाऊल जमिनीवर आपटल्याने गाठ सैल होते आणि हलणारी टोके ती ओढत राहतात, असे त्यांना आढळले. उलटसुलट दिशेची गाठ या धक्क्यांना जास्त वेळ तग धरते आणि एकाच दिशेची लवकर सुटते. शाळेत धावणाऱ्या मुलीच्या वेणीवरची गाठही अशाच धक्क्यांना तोंड देते.

साटीनची चकचकीत बाजू नेहमी समोर ठेवण्यासाठी रिबीन मध्यबंधावरून वळवताना बोटाने एकदा उलटी करून घ्यावी लागते. पाकळ्या आवळताना टोके ओढू नयेत, पाकळ्याच ओढाव्यात. टोके ओढली की पाकळ्या आत सरकून लहान होतात. बांधून झाल्यावर पाकळीत बोट घालून ती गोल करावी आणि शेवटी टोके कापावीत.

जपानमध्ये भेटपाकिटावर कागदी दोरीची गाठ बांधतात. बाळाचा जन्म किंवा बढती यांसारख्या पुन्हा यावेत अशा प्रसंगांना सहज सोडून परत बांधता येणारी बोसारखी गाठ असते. लग्न किंवा शोक यांसाठी मात्र न सुटणारी निरगाठ मारतात, कारण ते प्रसंग पुन्हा येऊ नयेत अशी इच्छा असते.

सपाट, थरांचा बो

केसांच्या चिमट्यावर किंवा डब्याच्या झाकणावर लावायचा बो बांधत नाहीत, रचतात. १० सेंटिमीटर रुंद बोसाठी तीन कडी करायची : पहिले १०, दुसरे ८ आणि तिसरे ६ सेंटिमीटरचे. कडे चपटे केल्यावर दोन पदर होतात, म्हणून पट्टी रुंदीच्या दुप्पट घेऊन त्यात जोडासाठी दीड सेंटिमीटर मिळवायचे. पट्ट्या २१.५, १७.५ आणि १३.५ सेंटिमीटरच्या होतात. मध्यबंधाला ७ आणि दोन टोकांना २४ सेंटिमीटर धरले तर एकूण ८३.५ सेंटिमीटर, म्हणजे एक मीटर रिबिनीत एक बो बसतो.

प्रत्येक पट्टीची टोके एकमेकांवर घेऊन मागच्या मध्यावर चिकटवायची. तिन्ही कडी मोठ्यापासून लहानाकडे रचून मध्ये सुईने टाके घालायचे आणि दोरा ओढला की मध्यभाग चुणतो. मग दोऱ्यावरून रिबिनीचा मध्यबंध फिरवून मागे चिकटवायचा. गरम गोंदाची बंदूक वापरली तर काम झटपट होते, पण गोंद जास्त झाला तर साटीनवर डाग उमटतो आणि बोटही भाजते. धुवायच्या कपड्यावर बो लावायचा असेल तर तो शिवावाच, चिकटवू नये.

अनेक पाकळ्यांचा फुलबो

फूलवाल्यांच्या पद्धतीच्या बोत गाठ नसते, सगळा भार मधल्या तारेवर असतो. रिबिनीच्या एका टोकाला शेपटीपुरती लांबी सोडून चिमटीत धरायचे, बोटाभोवती एक लहान कडे करायचे आणि ते मध्यभागी ठेवायचे. मग एक पाकळी डावीकडे, एक उजवीकडे, असे करत जायचे. प्रत्येक पाकळी चिमटीत येताना रिबीन अर्धा वळसा फिरवायची, म्हणजे चकचकीत बाजू वर राहते. ८ सेंटिमीटरच्या दहा पाकळ्यांना १६० सेंटिमीटर, मधल्या कड्याला १०, दोन शेपट्यांना ४० आणि वळशांसाठी थोडी जास्त, अशी सव्वादोन मीटर रिबीन पुरते. शेवटी बारीक तार मधल्या कड्यातून घालून मागे घट्ट पिळायची. पाकळ्या त्यानंतरच फुलवायच्या, कारण चिमटीत धरलेल्या असताना फुलवल्या की सगळे सुटते.

चेंडूसारख्या गोल बोसाठी रिबीन २० सेंटिमीटर लांब, चपट्या आकारात दहा वेळा गुंडाळतात. त्याला चार मीटर लागते. दोन्ही टोकांचे कोपरे तिरके कापून मध्ये एक तृतीयांश रुंदी शिल्लक ठेवायची. मग गुंडाळी सरकवून ही दोन्ही कापलेली टोके मध्यावर आणून तारेने बांधायची. आतल्या पाकळ्या एकेक करून बाहेर ओढायच्या, एक डावीकडे वळवून, दुसरी उजवीकडे. दहा वेढ्यांच्या वीस पाकळ्या होतात. विणलेल्या साटीनचे कापलेले कोपरे सुटतात, त्यामुळे या प्रकाराला प्लास्टिकची रिबीन बरी.

नखाएवढे बो आणि कुरळ्या फिती

६ मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद रिबिनीचा बो बोटांत धरता येत नाही. त्यासाठी जेवणाचा काटा कामाला येतो. रिबीन काट्याच्या दातांभोवती गुंडाळायची, वेगळा दोरा मधल्या फटीतून वर-खाली घेऊन गुंडाळीभोवती आवळायचा आणि बो अलगद सरकवून काढायचा. दातांची रुंदी ठरलेली असल्याने शंभर बो केले तरी माप बदलत नाही. लग्नपत्रिका, राख्या आणि झबली यांसाठी हीच पद्धत उपयोगी पडते.

कुरळी होणारी रिबीन म्हणजे प्लास्टिकच्या पापुद्र्याची फीत. कात्रीच्या पात्यावरून ती ओढताना पात्यापासून दूरची बाजू ताणली जाऊन कायमची लांब होते आणि फीत पात्याकडच्या बाजूला वळते. मँचेस्टर विद्यापीठातील ॲन ज्युएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फीत सावकाश ओढली तर कुरळेपणा जास्त घट्ट येतो, असे दिसले, कारण ताणलेल्या बाजूला नवा आकार घ्यायला वेळ मिळतो. झटका देऊन ओढण्याची सवय त्यामुळे उलटी पडते. विणलेली साटीन अशी वळत नाही, कारण तिचे धागे एकमेकांवरून सरकून ताण सैल करतात.

वापर, काळजी आणि साठवण

कृत्रिम रिबीन पेट घेते आणि वितळून त्वचेला चिकटते. पणत्या, समई आणि तापणारे दिवे यांच्या जवळ बो लावू नयेत. आकाशकंदिलात साधा पिवळा दिवा असेल तर बो बाहेरच्या कडेला बांधावा, दिव्याच्या वर नको. तान्ह्या बाळाच्या गळ्याभोवती लांब टोके ठेवू नयेत, आणि मणी किंवा टिकल्या चिकटवलेले बो लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण निघालेला मणी तोंडात जातो. लहान मुलींच्या केसांना घट्ट चिमटे फार वेळ लावून ठेवले की मुळांवर ताण येतो.

बो एकमेकांवर रचून ठेवले की पाकळ्या दबतात. खोक्यात ते एका थरात ठेवावेत आणि पाकळ्यांत कागदाचे बोळे घालावेत. पाकळी चपटी झालीच तर किटलीच्या वाफेवर काही क्षण धरून बोटाने गोल करावी. साटीन इस्त्री करायची असेल तर कमी तापमानावर, उलट बाजूने आणि मध्ये सुती फडके ठेवून करावी. लाल आणि गडद निळी रिबीन पहिल्या धुण्यात रंग सोडू शकते, म्हणून ती पांढऱ्या कपड्यावर शिवण्यापूर्वी वेगळी भिजवून पाहावी.

घरून बो विकायचे असतील तर किमतीत रिबिनीबरोबर चिमटा, गोंद, तार, वाया गेलेले तुकडे आणि वेळ हेही धरावे लागते. मोठ्या बोंतून उरलेले तुकडे काट्यावरच्या लहान बोंना पुरतात, त्यामुळे एका रिळावर दोन्ही प्रकार मिळून आखले की वाया कमी जाते. भेटीवरून सोडलेली रिबीन इस्त्री करून, जुन्या चुण्या पडलेली टोके कापून टाकली की पुन्हा वापरता येते. तिची लांबी पहिल्यापेक्षा कमी भरते, म्हणून पुढच्या वेळी ती लहान खोक्यासाठी किंवा थरांच्या सपाट बोसाठी घ्यावी.